जांभळ्या मंजिरीचे झुडूप : साल्व्हिया ल्युकँथाचे परीक्षण

साल्व्हिया ल्युकँथा हे शोभेचे झुडूप मला मनापासून आवडते, आणि भरपूर ऊन व मोकळी जागा असलेल्या कोणाही बागप्रेमीला ते लावावे असेच मी सांगेन. दिवस लहान होत चालले आणि बागेतली बरीच झुडपे फुलून दमली, की याच्या प्रत्येक फांदीच्या टोकाला जांभळी, मखमली मंजिरी येते आणि कित्येक आठवडे टिकते. झाडाबद्दल माझे मत इतके अनुकूल असले, तरी ते ज्या पद्धतीने विकले जाते त्याबद्दल तसे म्हणता येत नाही. मी घेतलेल्या रोपाच्या चिठ्ठीवर ‘सेज, जांभळा’ एवढेच लिहिलेले होते. त्यावर जातीचे नाव नव्हते, वाणाचे नव्हते, झाड केवढे होईल याचा उल्लेख नव्हता, आणि छापलेले चित्र तर दुसऱ्याच एका साल्व्हियाचे होते. म्हणून या परीक्षणात लागवडीइतकीच जागा मी ओळखीला देत आहे. भलतेच रोप घरी आले, तर पुढची सगळी मेहनत भलत्याच झाडावर होते.

साल्व्हिया ही तुळशीच्या, म्हणजे लॅमिएसी कुळातली सर्वांत मोठी प्रजाती असून तिच्यात सुमारे एक हजार जाती मोडतात. मसाल्याचा सेज म्हणून ओळखली जाणारी साल्व्हिया ऑफिसिनॅलिस भूमध्य समुद्राभोवतीच्या प्रदेशातली आहे, तर ताटव्यांतून भडक लाल दिसणारी साल्व्हिया स्प्लेंडेन्स ब्राझीलमधली. 2017 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांनी रोझमेरी आणि रशियन सेज या दोन्ही वनस्पतींचाही याच प्रजातीत समावेश केला. एवढ्या विस्तारात ‘सेज’ हे नाव ग्राहकाला काहीच सांगत नाही. साल्व्हिया ल्युकँथा मध्य आणि पूर्व मेक्सिकोतली असून स्पॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ काव्हानियेस यांनी 1791 मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले. इंग्रजीत तिला मेक्सिकन बुश सेज म्हणतात, पण मेक्सिकोतून आलेल्या साल्व्हिया इतक्या आहेत की तेवढ्यावरही विसंबता येत नाही. चिठ्ठीवर शास्त्रीय नाव असेल तरच ती चिठ्ठी उपयोगाची, असे माझे मत आहे.

चिठ्ठी निरुपयोगी असली तरी झाड स्वतःची ओळख पुरेशी स्पष्ट देते. पहिली खूण खोडात आहे. कोवळी फांदी बोटांच्या चिमटीत धरून फिरवली, की चार कडा जाणवतात आणि पाने समोरासमोर, जोडीजोडीने आलेली दिसतात. ही खूण तुळस, सब्जा, पुदिना अशा या कुळातल्या बहुतेक वनस्पतींत असल्यामुळे तिच्यावरून एवढेच ठरते, की रोप तुळशीच्या नात्यातले आहे. ल्युकँथाची खास खूण म्हणजे फांदीवरची दाट पांढरी लव. नव्या फांदीवर ही लव इतकी गच्च असते, की नखाने हलकेच खरवडल्याशिवाय खालचा हिरवा रंग दिसत नाही. पान लांबट, अरुंद, टोकाकडे निमुळते होत जाणारे असते. त्याची वरची बाजू राखाडी झाक असलेली हिरवी आणि बारीक सुरकुत्यांची, तर खालची बाजू पांढऱ्या लवेने पूर्ण झाकलेली असते. वाऱ्याने पाने उलटली की सगळे झुडूप क्षणभर चंदेरी दिसते. फुले नसलेल्या काळातही हे झाड बागेत शोभते ते या पानांमुळेच.

खरी ओळख मात्र फुलाजवळ पटते, आणि तिथेही पाकळ्यांपेक्षा निदलपुंजाकडे पाहावे. फांदीच्या टोकाला वीतभर किंवा त्याहून लांब मंजिरी येते, तिच्यावर ठरावीक अंतराने फुलांची कडी असतात, आणि प्रत्येक फूल ज्या लहानशा पेल्यातून बाहेर येते तो पेला म्हणजे निदलपुंज. तो जांभळा असतो आणि त्याच्यावर जांभळ्याच रंगाची मऊ लव असते. तीच लव मंजिरीच्या दांड्यावरही पसरलेली असल्याने संपूर्ण तुरा मखमलीत गुंडाळल्यासारखा दिसतो. त्यातून बाहेर डोकावणारे प्रत्यक्ष फूल मूळ जातीत पांढरे असते. ते नळीसारखे, दोन ओठांचे असून त्याच्याही बाहेरच्या बाजूला लव असते. हे पांढरे फूल नाजूक असून लवकर गळते, पण निदलपुंज जागचा हलत नाही. लांबून जो जांभळा रंग दिसतो आणि आठवडेच्या आठवडे टिकतो तो या पेल्यांचा असतो. म्हणूनच मंजिरी कापून उलटी टांगून वाळवली तरी रंग बऱ्यापैकी राहतो, आणि सुक्या फुलांच्या सजावटीत तिला मागणी असते. झाड ओळखायचे असो की त्याची किंमत ठरवायची असो, दोन्ही गोष्टी निदलपुंजावरच येऊन थांबतात, हे मला या झाडाचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य वाटते.

ज्यांना खात्री हवी असेल त्यांनी एक फूल उभे चिरून भिंगाखाली पाहावे. तुळशीच्या कुळात साधारणपणे चार पुंकेसर असतात, पण साल्व्हियात परागकण देणारे दोनच. या दोन केसरांत परागकोशांना जोडणारा भाग लांबून तरफेसारखा झालेला असतो. अनेक जातींत मधमाशी मधासाठी आत डोके घालते तेव्हा तरफेचे आतले टोक ढकलले जाते आणि बाहेरचे टोक खाली येऊन तिच्या पाठीवर परागकण लावते. ल्युकँथाच्या फुलांवर मूळ प्रदेशात मुख्यतः हमिंगबर्ड येतात, आणि त्यांच्या चोचीला सोयीची अशी ही लांब नळी आहे. ज्या प्रदेशांत हे पक्षी नाहीत तिथेही फुलांवर मधमाश्या आणि फुलपाखरे येतात.

आता ज्या झाडांशी गफलत होते त्यांच्याबद्दल लिहिणे आवश्यक आहे. चिठ्ठीवर छापलेले चित्र होते साल्व्हिया फॅरिनेशियाचे, आणि सर्वाधिक गोंधळ याच दोघांत होतो. फॅरिनेशियाच्या मंजिरीच्या दांड्यावर आणि निदलपुंजावर पिठूळ पांढरट थर असतो, फूल निळे किंवा निळसर जांभळे असते, पाने हिरवी असून खालून लोकरीसारखी पांढरी नसतात, आणि झाड गुडघ्याच्या आसपास किंवा थोडे वर राहते. तिचाच संकर असलेली ‘इंडिगो स्पायर्स’ उंच वाढते आणि तिच्या निळ्या-जांभळ्या मंजिऱ्या वाकड्यातिकड्या, फार लांब होतात. तिचेही निदलपुंज रंगीत व टिकाऊ असल्यामुळे लांबून फसगत होते, पण पान उलटून पाहिले की शंका मिटते. साल्व्हिया ग्वारानिटिकाची फुले गडद निळी, मोठी असतात आणि ‘ब्लॅक अँड ब्लू’ या वाणात निदलपुंज जवळजवळ काळा असतो. लाल, गुलाबी, पांढऱ्या रंगांत मिळणाऱ्या लहान पानांच्या झुडपी साल्व्हिया म्हणजे ग्रेगाय, मायक्रोफायला आणि त्या दोघींचा संकर जामेन्सिस. त्यांपैकी ग्रेगायच्या पानाची कड बहुधा सरळ असते आणि मायक्रोफायलाच्या पानाला दाते असतात. ‘हॉट लिप्स’ या प्रसिद्ध वाणाच्या एकाच झाडावर पूर्ण लाल, पूर्ण पांढरी आणि लाल ओठाची पांढरी अशी तिन्ही फुले येतात. या सगळ्या सुंदर आहेत, पण त्यांतली एकही ल्युकँथाची जागा घेऊ शकत नाही.

नावात सेज असूनही जी साल्व्हियाच नाहीत अशी झाडेही विक्रीला असतात, आणि इथे मात्र विक्रेत्यांनी अधिक काळजी घ्यायला हवी. टेक्सास सेज या नावाचे चंदेरी पानांचे झुडूप म्हणजे ल्युकोफायलम फ्रुटेसेन्स, आणि ते वेगळ्याच कुळातले आहे. त्याची पाने लहान, टोकाकडे गोलसर असतात, खोडाला चार कडा नसतात, फुले घंटेसारखी असून पानांच्या बगलेत एकेकटी येतात आणि हवेत दमटपणा वाढला किंवा पाऊस झाला की एकदम बहरतात. जेरुसलेम सेज म्हणजे फ्लोमिस, ते कुळाने जवळचे असले तरी प्रजाती वेगळी आणि फुले पिवळी. सेजब्रश तर सूर्यफुलाच्या कुळातले. रशियन सेज आता साल्व्हिया यांगाय या नावाने खरोखरच साल्व्हियात आली आहे, परंतु तिची पाने बारीक कातरलेली, फांद्या काटकुळ्या आणि फुले विरळ असतात. ती कडक थंडी सोसते, पण दमट उकाडा तिला मानवत नाही, त्यामुळे ल्युकँथाऐवजी ती हातात पडली तर हवामानाच्या दृष्टीने मोठाच फरक पडतो.

लागवडीच्या बाबतीत या झुडपाला मी पैकीच्या पैकी नव्हे, पण भरपूर गुण देईन. त्याच्या अटी थोड्या आहेत, मात्र त्या पाळाव्याच लागतात. पहिली अट उन्हाची. दिवसाला सहा तास तरी थेट ऊन मिळाले पाहिजे. सावलीत हे झाड मरत नाही, पण फांद्या उजेडाच्या दिशेने लांबतात, लव विरळ होते, मंजिऱ्या कमी व आखूड येतात आणि सगळे झुडूप मधून फाकते. दुसरी अट निचऱ्याची. जमीन फार सुपीक नसली तरी चालते, किंबहुना नसलेलीच बरी, परंतु मुळांशी पाणी साचता कामा नये. चिकण मातीत लावायचे असेल तर वाफा उंच करून मातीत भरड वाळू किंवा बारीक खडी आणि कुजलेले शेणखत मिसळावे. सततच्या पावसात मूळकूज होऊन झाडे जातात ती बहुधा सखल जागी लावलेलीच. एकदा मुळे खोल गेली की हे झुडूप पाण्याचा ताण चांगला सोसते. त्याला रोज थोडे थोडे पाणी देण्यापेक्षा माती वरून बोटाच्या दोन पेरांइतकी कोरडी झाल्यावर एकदाच भरपूर द्यावे.

खताच्या बाबतीत हात आखडता ठेवलेलाच चांगला. नत्रयुक्त खत जास्त झाले की फांद्या भराभर वाढतात, पण त्या पोसट आणि ठिसूळ होतात. या झाडाचा मुख्य दोषही इथेच आहे. ल्युकँथाच्या फांद्या बुंध्याजवळ पटकन मोडतात. मंजिऱ्यांचे वजन, त्यांच्या लवेत धरून राहणारे पावसाचे पाणी आणि वारा या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की ऐन बहरात मधल्या फांद्या आडव्या होतात आणि झुडपाच्या पोटात खिंडार पडते. वाढीच्या सुरुवातीच्या काळात शेंडे खुडत गेल्यास झाड ठेंगणे व भरगच्च होते आणि हा त्रास बराच कमी होतो. एक शेंडा खुडला की खालच्या पेरातून दोन फुटवे येतात आणि मंजिऱ्यांची संख्याही वाढते. दिवस लहान होऊ लागण्याच्या सुमारास मात्र खुडणे थांबवावे, नाहीतर येऊ घातलेल्या मंजिऱ्याच खुडल्या जातात. वाऱ्याच्या जागी लावलेल्या झाडाभोवती फांद्या वाढण्याआधीच चार काठ्या रोवून त्यांना सुतळीचा वेढा द्यावा. फांद्या कोसळल्यानंतर बांधलेले झुडूप कधीच नीट दिसत नाही.

बहराची वेळ या झाडात दिवसाच्या लांबीवर ठरते. शेवंतीप्रमाणेच ते लघुदिवसी आहे, म्हणजे रात्र पुरेशी लांब झाल्याशिवाय त्याला कळ्या धरत नाहीत. त्यामुळे मोठ्या दिवसांत झाड नुसते वाढत राहते, आणि ज्यांना हे ठाऊक नसते ते ‘फुलतच नाही’ असे म्हणून खतांचा मारा करतात. त्या काळात झाडात काहीही बिघडलेले नसते. जे झाड रात्रभर जळणाऱ्या दिव्याच्या अगदी जवळ असते, त्याला मात्र रात्र लांब झाल्याचे जाणवत नाही आणि बहर लांबतो. सगळी काळजी घेऊनही एखादे झाड फुलत नसेल, तर आधी रात्री तिथे जाऊन उजेड किती पडतो ते पाहावे. रोपवाटिकेच्या चिठ्ठीवर ‘वर्षभर फुले’ असे लिहिलेले असेल, तर ते या जातीबद्दल नसावे असे बेलाशक समजावे. सौम्य हवामानात बहर फार लांबतो हे खरे, पण वर्षभराचा शब्द हे झाड देत नाही.

बहर संपला, निदलपुंज तपकिरी पडू लागले आणि बुंध्यातून नवे कोंब दिसू लागले, की जुन्या फांद्या जमिनीपासून चार-सहा बोटे ठेवून सरसकट कापाव्यात. नव्याने लावणाऱ्याला ही छाटणी क्रूर वाटते, पण जुन्या लाकडावर विसंबून राहिलेले झुडूप पुढच्या वर्षी खालून उघडे पडते. हलके हिम पडणाऱ्या प्रदेशात वरचा भाग करपतो आणि बुडख्यातून पुन्हा फुटतो. तिथे छाटणी थंडी सरेपर्यंत थांबवावी, कारण जुन्या फांद्या बुडख्याला आडोसा देतात. जमीन खोलवर गोठत असेल तर हे झाड बाहेर जगवण्याचा आग्रह धरू नये, कलमे घरात आणून ठेवावीत.

कुंडीत लावण्याबद्दल माझे मत फारसे अनुकूल नाही. मोठ्या, खोल कुंडीत एखादे वर्ष ते चांगले दिसते, पण पूर्ण वाढीचे झुडूप मीटरभर उंच आणि रुंदीला तेवढेच किंवा अधिक होते. ते कुंडीत सतत तहानलेले राहते, खालची पाने गाळते आणि वारा लागला की कुंडीसकट कलंडते. जागा कमी असेल तर ‘सांता बार्बारा’ हा ठेंगणा वाण शोधावा. ‘मिडनाइट’ या वाणात फूल आणि निदलपुंज दोन्ही जांभळे असतात. दुरून त्याचा रंग अधिक गडद भरतो, पण जवळून पाहताना जांभळ्या मखमलीवरच्या पांढऱ्या फुलांची जी गंमत मूळ जातीत आहे ती मला त्यात सापडत नाही. ज्यांना बागेच्या कडेला एकसंध जांभळी रांग हवी आहे त्यांनी ‘मिडनाइट’ घ्यावा. पायवाटेशेजारी, हाताच्या अंतरावर लावायचे असेल तर मूळ जातच घ्यावी.

एकच रोप विकत घेणे पुरेसे आहे, कारण छाटकलमाने हे झाड फार सहज वाढते. कळी न धरलेल्या, ना अगदी कोवळ्या ना जून अशा फांदीचा आठ ते दहा सेंटिमीटरचा तुकडा पेराच्या लगेच खाली धारदार पात्याने कापावा, खालच्या दोन पेरांवरची पाने काढावीत, वरची मोठी पाने निम्मी कापावीत आणि वाळू व कोकोपीटच्या ओलसर मिश्रणात तो खोचावा. उबदार हवेत दोन ते तीन आठवड्यांत मुळे धरतात. इथे एक गोष्ट बारकाईने पाळावी लागते. बहुतेक कलमांवर आपण वरून पाण्याचा फवारा मारत राहतो, पण ल्युकँथाच्या पानांची लव ते पाणी स्पंजासारखे धरून ठेवते आणि पाने सडू लागतात. म्हणून या कलमांना पाणी खालून द्यावे, वर झाकण घातलेच तर ते रोज थोडा वेळ उघडावे, आणि पानावर थेंब साचलेले दिसले तर झटकून टाकावेत. हलकेच ओढल्यावर कलम बोटांना विरोध करू लागले, की मुळे आली असे समजून ते सुटे लावावे. वाणाचे गुण जसेच्या तसे हवे असतील तर बियांच्या नादी न लागता कलमच करावे.

किडीचा उपद्रव उघड्यावरच्या झाडाला फारसा होत नाही. बंदिस्त, वारा न खेळणाऱ्या जागी पांढरी माशी आणि लाल कोळी येतात, आणि पानामागची दाट लव त्यांना लपायला सोयीची असल्यामुळे ते उशिरा लक्षात येतात. अशा जागी ठेवलेल्या झाडाची पाने अधूनमधून उलटून पाहावीत, एवढे पुरे.

राहता राहिली खरेदीची वेळ. रोपवाटिकेत हे रोप बहरात असतानाच निवडावे असा माझा आग्रह आहे, कारण तेव्हा निदलपुंज डोळ्यांना दिसतो आणि चिठ्ठीवर काही लिहिलेले असो वा नसो, ओळखीत चूक होत नाही. बहराबाहेर घ्यावे लागले, तर खोडाच्या चार कडा, फांदीवरची पांढरी लव आणि पानाची लोकरीसारखी खालची बाजू या तिन्ही खुणा एकत्र दिसल्याशिवाय घेऊ नये. ठेंगण्या कुंडीत भरगच्च फुललेल्या रोपाला भुलून जाऊ नये, तर बुंध्यातून नवे कोंब येत आहेत का ते पाहावे. ज्या रोपाला एकच जाड फांदी आणि टोकाला एकच मंजिरी आहे, त्यापेक्षा कमी फुलांचे पण बुडातून चार-पाच फुटवे असलेले रोप केव्हाही श्रेष्ठ. घरी आणल्यावर मंजिऱ्या कापून फुलदाणीत ठेवाव्यात आणि फांद्या निम्म्या छाटून मगच रोप जमिनीत लावावे, म्हणजे त्याचे बळ मुळे धरण्याकडे जाते.